कट्ट्यावरचा अनुस्वार

हे लिहायला बसतो आणि उठतो. पाणी पिऊन येतो, पंखा कमी करतो, परत वाढवतो, आणि पुन्हा इथेच येऊन बसतो. इतक्या वर्षांत हे मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलेलं नाही. मित्राला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — हा भित्रेपणा झाला, कळतं मला. पण गोष्टच भित्रेपणाची आहे. तेव्हा सुरुवात तरी खरी झाली म्हणायची.

एका बाईचं लिहिणं मी बंद पाडलं. झालं, एका ओळीत सांगून झालं. इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण ही ओळ खरी असूनही खोटी आहे. त्यात ती बाई कोण, ते नाही. मी का केलं, तेही नाही. आणि त्यानंतर मी जे बोललो ते तर नाहीच.

मी माजरीला कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर कारकून होतो. ट्रक काट्यावर चढायचा, आकडा यायचा, पावती फाडायची, पुढचा ट्रक. दिवसभर डिझेलचा वास आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या. घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमाल काळा. मोबाइल लोकांच्या खिशात आले होते, पण त्यांत मराठी उमटत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मी हौसेने संगणक घेतला, फोनच्या तारेवर इंटरनेट आलं, आणि मला कट्टा सापडला.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरचं एक मराठी मंडळ. पुण्याचे, नाशिकचे, अमेरिकेतले, आखातातले लोक तिथे येऊन लिहायचे — आठवणी, पाककृती, राजकारण, भांडणं. खरं नाव कोणी सांगायचं नाही. मी 'अनुस्वार' झालो. मला कोणाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की चैन पडायचं नाही, म्हणून चालकांनी हळूहळू देखरेखीचं काम माझ्याकडे दिलं. आणि मी एक रीत पाडली. ज्याचा लेख अशुद्ध, त्याच्या लेखाखाली त्याच्या चुका लाल अक्षरांत लावायच्या. सगळ्यांसमोर. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर, आणि शेवटी माझा एक शेरा. लोकांना ते शेरे आवडायचे हो! आज अनुस्वारांनी कोणाची बिनपाण्याने केली, हे बघायला माणसं मुद्दाम यायची. कोणीतरी मला सर म्हणायला लागलं. मग सगळेच म्हणायला लागले. पुण्यातले निवृत्त प्राध्यापक असणार, असं एकाने लिहिलं, आणि मी त्याला नाही म्हटलं नाही.

निवृत्त प्राध्यापक! नागभीडकडच्या धानाच्या बांधावर वाढलेला पोरगा मी. नागपूरला वसतिगृहात माझ्या मले-तुलेवर पोरं पोट धरून हसली होती, आणि मी महिनाभर तोंड मिटून, मग एकेक शब्द तोलून शुद्ध बोलायला शिकलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. ज्याला एकदा लागलंय त्याला तर जास्त कळायला हवं होतं, नाही का?

एक दिवस कट्ट्यावर नवीन नाव आलं — बोडीकाठची. बोडी म्हणजे आमच्याकडचा शेतालगतचा लहान तलाव. तिने पहिलं लिहिलं ते बोडीतल्या मासोळ्या आणि तिच्या बाबांबद्दल. बाबा गळाला मासोळी लागली की आधी तिच्याशी भांडायचे म्हणे, इतका वेळ काऊन लावला म्हणून. लिहिणं कसं, तर अंगणात बसून कोणी तांदूळ निवडता निवडता बोलावं तसं. आणि चुका? ओळीओळीला. 'ण'च्या जागी 'न', 'ळ'च्या जागी 'ल', वेलांट्या वाटेल तिकडे. मी नेहमीसारखी लाल यादी लावली. तिने खाली लिहिलं, 'चुकलं सर. सुधारते.'

पण लोकांना ती आवडली. मस्कतची एक बाई होती कट्ट्यावर, ती तर रोज विचारायची, बोडीकाठची आज आली का? तिने एकदा मला स्पष्टच लिहिलं की सर, हिच्या चुका राहू द्या, हिच्या चुकांसकटच आम्हाला ही हवी. त्यावरून मोठा वाद झाला. अर्धे म्हणाले, माणूस मनापासून लिहितोय, चुकेना का! अर्धे माझ्या बाजूचे. मी लिहिलं, भाषा म्हणजे धर्मशाळा नव्हे. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते दिवसातून दोनदा वाचायचो. मग मी तो वाद बंद केला. बंद करण्याचा अधिकार माझ्याकडे होता ना.

आता — आता ते सांगतो, ज्याच्यासाठी मघापासून उठबस चालली आहे.

देखरेख करणाऱ्याला एक गोष्ट दिसायची, जी बाकीच्यांना दिसत नसे. कोणता लेख कोणत्या जोडणीवरून आला, त्याचे आकडे. मी कधी बघत नसे. त्या वादाच्या वेळी मात्र बघितले, म्हटलं ही बाई आहे तरी कुठली? ते माझ्या लेखांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. माझ्याच घरातल्या जोडणीचे होते.

बोडीकाठची म्हणजे कुंदा. माझी बायको.

आरमोरीच्या पुढे तिचं माहेर. घराला लागून खरंच बोडी होती आणि तिचे बाबा खरंच मासोळ्यांशी भांडायचे. आमच्या क्वार्टरच्या एका बाजूला बिहारचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला तेलुगू. कुंदा आणि शेजारणी हसून मान हलवायच्या, वाटीभर भाजी इकडून तिकडे जायची, पण बोलणं तिथेच संपायचं. तिला बोलायला कोणी नव्हतं. मी घरी यायचो तो जेवून संगणकापुढे बसायचो. रविवारी टाइप करायला मीच तिला शिकवलं होतं. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटायची. 'ण' आणि 'ळ' हवा तर कळपट्टीवरचं मोठं अक्षर दाबावं लागतं, ते ती नेहमी विसरायची. म्हणजे तिच्या निम्म्या चुका तर कळपट्टीच्या होत्या. आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं.

कट्ट्यावर पाककृती असतात एवढं मी तिला सांगितलेलं. माझं तिथलं नाव मात्र कधी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या पाळीला गेलो आणि आमची पोरगी शाळेत गेली की ती लिहायला बसत असणार. दुपारी घरी आलो की मी संगणकाच्या पडद्याला मागून हात लावून बघायचो. गरम असायचा. स्वयंपाकघरात ती काहीतरी गुणगुणत भाजी चिरत असायची. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही.

मी तेव्हाच का नाही बोललो? कितीदा स्वतःला विचारलंय. सरळ म्हणायचं होतं, अगं कुंदे, तो अनुस्वार मी आहे. ती आधी ओरडली असती, मग लोटपोट हसली असती. पण मग सर कुठे राहिले असते? तिने एखाद दिवस मस्कतच्या बाईला सांगून टाकलं असतं, की हे काही प्राध्यापक-ब्राध्यापक नाहीत, काट्यावर पावत्या फाडतात. मी गप्प राहिलो. आणि तिच्या लेखांखाली लाल याद्या लावत राहिलो. मनात म्हणायचो, घरचं माणूस म्हणून सूट द्यायची नाही, नियम तो नियम. काय पण न्यायाधीश! तांदळाच्या डब्यामागे मला एकदा पोरीचं व्याकरणाचं पुस्तक सापडलं. त्यात पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि त्या पोरीच्या नव्हत्या. मी ते होतं तसं परत ठेवून दिलं. तिच्या चुका खरंच कमी होत चालल्या होत्या.

मग दिवाळी झाली आणि तिने मंडईबद्दल लिहिलं.

मंडई आमच्या झाडीपट्टीतली, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातली. दिवाळीनंतर गावागावाची मंडई भरते, प्रत्येक घर पाहुण्यांनी गच्च, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आणि सगळं आटोपलं की नाटक. त्यात घरात नवा जावई असला तर त्याला मानाने आणून अगदी पुढच्या खुर्चीवर बसवायचं, हा रिवाज. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला मी तसा बसलो होतो. कोरा सदरा, कपाळाला टिळा. नाटकात एक सावकार होता, तो एका गरिबाच्या पोरीचा हात धरून तिला ओढत नेतो. ती नटी काय रडली! मला काय झालं कोण जाणे. मी उभा राहिलो आणि बोट दाखवून ओरडलो, "सोड तिले! सोड म्हणतो ना!"

नाटक थांबलं. सावकाराने पोरीचा हात सोडला, पुढे आला आणि मला हात जोडून म्हणाला, "जवाईबापू, खाली बसा जी. नाटक आहे हे."

अख्खं गाव हसलं. मी बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला कुंदाच्या मावशीने स्वतःचा पदर पुढे केला, तर त्यावर अजून हसू. त्यानंतर दर मंडईला बायका विचारायच्या, जवाईबापू, यंदा गमछा आनला का? मग मी जाणंच सोडलं. दरवर्षी मंडई आली की माझी पाळी बदलून मिळत नसे. कुंदा पोरीला घेऊन एकटी जायची.

तर हे सगळं तिने लिहिलं. नावं नव्हती, गाव नव्हतं. पण सगळं होतं — सदरा, बोट, हात जोडलेला सावकार, मावशीचा पदर. कट्टा वेडा झाला. मस्कतची बाई म्हणाली, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. कोणी लिहिलं, त्या जावईबापूंना आमचा नमस्कार सांगा. इतकी शाबासकी कट्ट्यावर आजवर कोणाच्या लेखाला मिळाली नव्हती. मी घामाघूम झालो होतो. मला कोणी ओळखत नव्हतं, ओळखणं शक्यही नव्हतं, तरी मला वाटलं की पुणे-मुंबई-अमेरिका सगळे त्या मांडवात बसून माझ्याकडे बघून हसताहेत.

लेखाचा शेवट तिने असा केला होता: 'सगळे हासले पन मी नाई हासली. मले त्या दीवशीच समजलं का मानुस चांगला आहे. दूसर्‍याच्या पोरीसाठी उभा राह्यते.'

मी हे वाचलं. नीट वाचलं. समजलं नाही असं म्हणायला जागा नाही. आणि वाचून मी त्या ओळीतला 'मानुस' लाल केला. 'दीवशी' लाल केलं. 'दूसर्‍या' लाल केलं. मले, हासली, राह्यते — जे आमच्या दोघांच्या आईबापांचं बोलणं, ते सगळं चुकांच्या यादीत घातलं. इतकी लांब यादी मी कधी लावली नव्हती. कळपट्टीच्या चुकाही सोडल्या नाहीत. आणि खाली शेरा लिहिला: 'नवऱ्याची फजिती जगाला सांगण्याआधी ती निदान शुद्ध तरी लिहावी. हा कट्टा आहे, तुमच्या गावची मंडई नव्हे.'

शुद्धलेखन? छे. शुद्धलेखनाचा काही संबंध नव्हता. मला राग आला होता आणि हातात लाल रंग होता.

माझी नेहमीची माणसं त्या शेऱ्यावर हसली. दोघाचौघांनी निषेधही केला, पण दबकत. तिचं उत्तर आलं ते दोनच शब्दांचं, 'चुकलं सर.' या वेळी पुढे 'सुधारते' नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो आणि पडद्याला हात लावला. थंड होता. तिसऱ्या दिवशीही. मग हात लावायचं मी सोडून दिलं. व्याकरणाचं पुस्तक पोरीच्या दप्तरात परत गेलं. कुंदा भाजी चिरायची, पण गुणगुणणं बंद झालं होतं. मी एकदा विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "काई नाई जी, थकली." मी मान डोलावली. कट्ट्यावर मस्कतच्या बाईने विचारलं, बोडीकाठची दिसत नाही, कोणाला काही माहीत आहे का? आणि मी — भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी ऐकू येत होती मला — मी लिहिलं, 'ज्यांना भाषेचा आदर नाही, ते इथे टिकत नाहीत.'

तुम्हाला वाटेल, बस, हेच ते, जे सांगायला इतका वेळ लागला. मलाही वाटायचं की हेच सगळ्यात वाईट. पण ते नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी तिचे बाबा वारले. दिवसकार्य झालं, आणि शाळेतल्या गुरुजींनी गावात छोटीशी शोकसभा ठेवली. ते घरी आले, म्हणाले, कुंदाबाई, तुम्ही बाबांवर चार ओळी लिहून द्या, मी वाचून दाखवतो. तिचा भाऊही म्हणाला, हो, तुझ्याइतकं बाबांबद्दल कोणाले सांगता येते? माझ्या डोळ्यांसमोर तो पहिला लेख आला, गळाला लागलेल्या मासोळीशी भांडणारा म्हातारा. तो तिने नुसता पुन्हा लिहिला असता तरी सभा हसली असती आणि रडली असती. कुंदाने कागद हातात घेतला. बराच वेळ धरून बसली. मग माझ्यापुढे ठेवला आणि गुरुजींना म्हणाली, "माह्याकडून नाई होत लिहिणं. हे लिहितीन. यांचं शुद्ध आहे."

मी लिहिलं. कै. अमुक अमुक हे अत्यंत प्रेमळ व कष्टाळू व्यक्तिमत्त्व होते, त्यांच्या निधनाने पोकळी निर्माण झाली आहे, वगैरे. एकही चूक नव्हती. गुरुजींनी वाचलं, लोकांनी माना खाली घालून ऐकलं, आणि त्यात तिचे बाबा कुठेच नव्हते. कुंदा बायकांत बसली होती. ती जमिनीकडे बघत होती.

परतताना नागभीडला बस बदलली. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. पोरगी पुढच्या सीटवर झोपली होती. कुंदा खिडकीपाशी, मी शेजारी. बस सुटल्यावर ती म्हणाली, "तुमाले एक सांगू का जी? हासान नाई ना?"

मला समजलं. ती तोंड उघडण्याआधी समजलं. आणि मला वाटलं, आता ही सांगेल आणि मग मी सांगीन. आता सुटका नाही — आणि बरंच आहे, सुटका नाही तेच बरं आहे.

तिने सगळं सांगितलं. कट्टा, बोडीकाठची, मस्कतची बाई. "तुमाले दाखवणारच होती मी," ती म्हणाली, "पन म्हटलं आधी जरा चांगलं लिवता येऊ दे, मंग दाखवीन." मग मंडईचा लेख. सरांनी काय लिहिलं ते तिला शब्द न् शब्द पाठ होतं, शुद्ध उच्चारांसकट. म्हणाली, "बाबावर लिवाले बसली ना, तं मले ते लाल लाल दिसाले लागलं. हातच नाई चालला."

बोल. मी स्वतःला म्हणत होतो, बोल आता. बस भाताच्या बांध्यांमधून चालली होती. कंडक्टर मागे तिकिटं फाडत होता. आणि मी तोंड उघडलं, आणि काय म्हणालो?

"असतात असे लोक," मी म्हणालो. "असेल कोणीतरी पुण्याबिण्याचा शहाणा. त्याला काय कळतं आपल्याकडचं? मनावर नाही घ्यायचं."

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसलं मला. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला. आणि मग माझ्या हातावर हात ठेवून अगदी सहज म्हणाली, "तुमी असते तिथं, तं मले कोनाले असं बोलू देलं असतं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी कोणालाच बोलू दिलं नसतं."

तिने हो म्हणून मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता. अजून आहे.